ब्रेक लागतो, सुटत नाही

गुरुप्रसाद मयेकरला संशय यायला कारण लागत नसे. मिरकरवाडा बंदरात त्याच्या मासेमारीच्या दोन लाँची. बर्फवाल्याने लादी दिली की ती वजनाला कमी, डिझेल भरलं की त्यात भेसळ, आणि एखादा खलाशी दोनदा नमस्कार करून गेला की झालंच, याने नक्की मासळी परस्पर विकली! बायको नम्रता म्हणायची, "अहो, तुम्ही देवळात तीर्थ घेतानासुद्धा आधी वास घेता." ते काही खोटं नव्हतं. घ्यायचाच तो.

पण माळनाक्याच्या चढावर गाडीचं जे घडलं, तिथे कुणालाही संशय आला असता. एवढं मात्र त्याच्या बाजूने बोलायला हवं.

आधी त्या गाडीचं सांगतो. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा घर, कलमं, भांडीकुंडी, अगदी पाटा-वरवंटासुद्धा वाटला गेला. राहिल्या दोन गोष्टी. वडिलांची, म्हणजे आप्पांची, जुनी फियाट आणि खुद्द आप्पा. दोन्हींचे तुकडे करता येईनात. मग कोकणात अशा वेळी करतात तेच केलं, पाळी लावली. सामायिक विहिरीच्या पाण्याला असते, ग्रामदेवाच्या पूजेला असते, तशी. एक महिना गाडी आणि आप्पा थोरल्या गुरुप्रसादकडे रत्नागिरीत, एक महिना धाकट्या बाळाकडे जयगडला. जायचे दोघं एकत्रच. आप्पांनी उभा जन्म त्याच फियाटने रत्नागिरी-जयगड वडापच्या, सीटमागे भाडं घेऊन, फेऱ्या मारल्या होत्या, दुसऱ्या गाडीत ते पाय ठेवत नसत. पाळी बदलली की म्हातारा पुढच्या सीटवर, मांडीवर रेक्झिनची बॅग, काच खाली. ती बॅग ते कुठल्याच घरी पुरती रिकामी करत नसत. एक लेंगा बाहेर काढला की धुतलेला आत ठेवायचे आणि चेन लावून टाकायचे.

तर त्या सकाळी गुरुप्रसाद फियाट घेऊन मारुती मंदिराकडे निघाला होता. माळनाक्याच्या चढावर गाडी ओढेना. त्याने गिअर खाली टाकला, तरी तेच. मग वास आला, जळका, नाकात बसणारा. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून ओरडला, "ओ शेठ, चाकातनं धूर येतोय!"

गुरुप्रसाद उतरला. ब्रेकवर पाय नाही, हँडब्रेक सोडलेला, आणि चारी चाकं जाम. चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला हात लावायला गेला तर चटका बसला. रिक्षावाल्याने आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं, ते चर्रकन आवाज करून उडून गेलं. गाडी ढिम्म. मागे रांग लागली, लोक शिव्या घालायला लागले, आणि तिथे भर उन्हात उभं राहून गुरुप्रसादच्या मनात पाल चुकचुकली. गाडी नुकतीच बाळाकडून आली होती.

मग काय, एकेक आठवायला लागलं. पाळी बदलताना बाळाने गाडी धुऊन दिली होती. जन्मात ज्याने जेवलेलं ताट उचललं नाही, तो गाडी धुतो? आणि निघताना खिडकीशी वाकून म्हणाला होता, "दादा, गाडीचा विमा भरलायस ना?" का रे बाबा? विम्याची चौकशी तुला का? तेव्हा गुरुप्रसादने नुसतंच हूं केलं होतं.

गाडी क्रेनने उचलून राजिवड्यात हारुनच्या गॅरेजात नेली. हारुन मस्कतला बरीच वर्षं काढून आलेला, लाँचची इंजिनं आणि जुन्या गाड्या या दोन्हींत त्याचा हात धरणारा रत्नागिरीत कुणी नव्हता. पण हारुन पडला बाळाचा शाळेतला दोस्त, एका बाकावरचा. म्हणजे इथेही पाणी मुरत असणार! गुरुप्रसादने मासळीचा एक रिकामा क्रेट उलटा घातला आणि त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून बसला.

"शेठ, घरी जा. झालं की फोन करतो," हारुन म्हणाला.

"नको. बसतो मी."

"माझ्यावर विश्वास नाय?"

"विश्वासाचं काय त्यात," गुरुप्रसाद म्हणाला, म्हणजे नव्हता.

हारुन हसला आणि मागच्या चाकाशी आडवा झाला. चाकाच्या आत जो ब्रेकचा सिलिंडर असतो, त्याच्या पाठीमागे एक बारीक निप्पल असतो. पाइपातली हवा काढायला लागतो तो. हारुनने पान्याने तो किंचित सैल केला. ऑइलची पिचकारी उडाली, आणि मघापासून जाम बसलेलं चाक हाताने फिरायला लागलं.

"बघितलंस? चाकात दोष नाय," हारुन उठत म्हणाला. "ब्रेकवरचा पाय काढला की ऑइल मागे यायला हवं, ते येत नाय. दाब अडकून राहतोय. आजार वर आहे, मास्टर सिलिंडरात."

त्याने बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. त्याचा चेहरा बदलला. गुरुप्रसाद क्रेटवरून उठलाच.

"काय? काय आहे?"

चहाच्या काचेच्या ग्लासात हारुनने पाणी घेतलं आणि बाटलीतलं थोडं ऑइल त्यात सोडलं. "ब्रेक ऑइल असतं तर पाण्यात मिसळून गेलं असतं," तो म्हणाला. "हे बघ." पाण्यावर पिवळट तवंग आला होता, रश्श्यावर येतो तसा. "हे लाँचच्या इंजिनाचं ऑइल आहे, शेठ. कुणीतरी यात ओतलंय."

मग त्याने मास्टर सिलिंडर खोलला. आतला रबरी कप काढून नव्या कपाशेजारी ठेवला. जुना चांगला दीडपट, मऊ, बुळबुळीत. "रबराला हे ऑइल चालत नाय. रबर फुगतं, आणि परतीचं भोक बुजवून बसतं. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाय."

कुणीतरी ओतलंय! गुरुप्रसादला पुढचं काही ऐकूच आलं नाही. कारण हे असलं काम बाळाने पूर्वी केलेलं होतं. दहा वर्षांचा असताना. आप्पा जेवायला घरी आले होते, आणि शहाण्याने ब्रेक ऑइल कमी दिसतंय म्हणून त्यात मशीनचं ऑइल भरलं. सगळे ब्रेक ऑइलच म्हणतात ना त्याला! आप्पांनी विचारलं तर वर तोंड करून म्हणाला होता, "ऑइल ते ऑइल." वडापची गाडी कितीतरी दिवस दारात उभी राहिली, घरात चूल पेटायची पंचाईत झाली. आप्पांनी त्याला फॅनबेल्टने असा फोडून काढला की आई मधे पडली तेव्हा तिलाही एक लागला. त्या दिवसापासून घरात नियम झाला. बाकीची ऑइलं खाली, ब्रेक ऑइल वर फळीवर, लाल फडक्यात बांधून. गुरुप्रसाद आजही तसंच ठेवायचा.

तेव्हा पोरवय होतं. आता जयगडला जहाजं ओढणाऱ्या टगवर काम करणारा, घरी छोटी होडी असलेला, चांगला पन्नाशीतला घोडा. आता चूक कसली? त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"बाळा, ब्रेकमध्ये ऑइल कुणी ओतलं?"

"कसलं ऑइल? दादा, काय झालं?"

"विम्याचं विचारत होतास. गाडी धुतलीस. मला काय दूधखुळा समजतोस?"

"अरे, विमा संपत आला होता म्हणून विचारलं! आणि गाडी धुतली कारण आप्पा म्हणाले, माझी गाडी शेणातून आल्यासारखी दिसते. तू शुद्धीवर आहेस का?"

"चढावर थांबली म्हणून वाचलो."

"दादा," बाळाचा आवाज चढला, "त्या फॅनबेल्टचे वळ अजून आठवतात मला. मी परत ऑइल ओतीन? मी?"

"तूच! तुझ्याशिवाय हे कुणाच्या डोक्यात येईल? ऐक. पाळी आजपासून बंद. गाडी विकून टाकायची. आप्पा एकाकडेच राहतील, कुठे ते मी ठरवीन. आणि तुझं तोंड मला पुन्हा बघायचं नाय." त्याने फोन बंद केला. दोघा भावांत वाटणीनंतर उरलं होतं ते एवढंच, महिन्याकाठी एकदा एकमेकांच्या अंगणात गाडी लावणं. आज तेही मोडलं.

हारुन मास्टर सिलिंडर पुसत उभा होता. "पुरतं ऐकून तरी घ्यायचंस," तो म्हणाला. "हे ऑइल अजून वरच्या वरच आहे. चाकांत उतरलेलं नाय, मघाची पिचकारी साफ होती. जयगडला ओतलं असतं तर इथवर येईस्तोवर सगळीकडे पोचलं असतं. हे ताजं काम आहे. गाडी तुझ्या अंगणात असताना झालंय."

"तू बाळाचा दोस्त. तू असंच म्हणणार."

"मग दुसऱ्या मेकॅनिकला दाखव, जा!" हारुन पहिल्यांदाच चिडला. "कोल्हापूरवरून किट मागवतो, सगळे पाइप धुऊन काढतो, चारी चाकांचे कप बदलतो. गाडी नवी करून देईन. तुझ्या डोक्यात जे फुगलंय त्याचं किट माझ्याकडे नाय."

गुरुप्रसाद रिक्षाने घरी आला. पडवीत आप्पा खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून. त्याला पाहिल्याबरोबर म्हणाले, "चारी चाकं धरली काय रे?"

"हो," गुरुप्रसाद म्हणाला आणि तसाच आत गेला. त्याचं डोकं हारुनच्या बोलण्यात अडकलं होतं. तुझ्या अंगणात. म्हणजे घरातलंच कुणीतरी. पोरं मुंबईला. राहिली कोण? आधी त्याने फळी बघितली. ब्रेक ऑइलचा डबा जागेवर, लाल फडक्याची गाठ तशीच. मग पडवीत जाऊन जाळ्यांच्या ढिगामागचा लाँचच्या ऑइलचा डबा बघितला. झाकण वाकडं बसलं होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नम्रता, खरं सांग. फियाटचं बॉनेट तू उघडलंस?"

नम्रता बांगडे साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली. "काय म्हणालात?"

"बाळाच्या बायकोशी तुझे रोज फोन चालतात. काय बोलता तुम्ही?"

"आमसुलं सुकली की नाय ते बोलतो! आणि आत्ताच तिने सांगितलं, तुम्ही भावोजींना काय काय बोललात ते. अहो, मला ते बॉनेट उघडताच येत नाय. आज बाळाभावोजी, उद्या मी, परवा म्हणाल मांजराने केलं. शरम वाटू दे जरा!" तिचे डोळे भरून आले. "एवढा तपास करताय ना, तर आधी मला हे सांगा, आप्पांच्या पाणी प्यायच्या पेल्याला लाँचच्या ऑइलचा वास का येतो? चारदा घासला मी. अजून येतोय."

गुरुप्रसादने पेला हातात घेतला आणि हुंगला. आला वास.

पडवीतून आप्पांचा आवाज आला, "तिला कशाला बोलतोस? मी ओतलं."

दोघंही बाहेर आली. आप्पा खाटेवरच होते. "ब्रेक ऑइल कमी दिसलं," ते म्हणाले. "म्हणून भरलं पेलाभर. ऑइल ते ऑइल."

नम्रता कपाळाला हात लावून हसायलाच लागली, डोळे पुसत पुसत. "घ्या! आणि तुम्ही दुनियेला फासावर द्यायला निघालात." गुरुप्रसादही हसला. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हाताऱ्याची चूक, बस्स, एवढंच! बाळाला आत्ताच्या आत्ता फोन करायला हवा, चुकलं माझं म्हणायला हवं. त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावणार, आणि थांबला.

ऑइल ते ऑइल.

हे वाक्य बोलल्याबद्दल या माणसाने पोटच्या पोराला फॅनबेल्टने फोडलं होतं. लाल फडक्याची गाठ याच माणसाने बांधायला शिकवली. ब्रेक ऑइल आणि साधं ऑइल यातला फरक याला कळत नाही? झोपेतून उठवून विचारा! आणि मघाशी काय म्हणाले? चारी चाकं धरली काय. गुरुप्रसादने तर अजून चाकांचं कुणाला काही सांगितलंच नव्हतं. सगळ्या गावावर संशय घेणाऱ्या गुरुप्रसादच्या हे नाकाखालून गेलं होतं, कारण आप्पांवर संशय घ्यायचा असतो हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

त्याने खाटेकडे बघितलं. वरच्या भिंतीत चार खिळे होते, नवे. त्यांवर आप्पांचे लेंगे, बंड्या, टोपी, छत्री. रेक्झिनची बॅग खाटेखाली पडली होती, रिकामी, दुमडलेली.

"आप्पा," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं."

आप्पांनी खाटेवरची चादर सारखी केली.

"मी मेलो असतो चढावर!"

"नाय मेला असतास," आप्पा लगेच म्हणाले. "त्या ऑइलने ब्रेक जायला वेळ लागतो, आधी धरतो. लागतो, सुटत नाय. एवढं मला कळतं. आणि तू गाडी बाहेर काढशील असं वाटलं नव्हतं. मला वाटलं पाळीच्या दिवशी अंगणातच धरेल." त्यांनी आपले गुडघे चोळले. "कंटाळा आला रे. रात्री जाग आली की मोरी कुठल्या अंगाला ते आठवत नाय. तिकडे उजव्या हाताला, इकडे डाव्या हाताला. मागच्या महिन्यात अंधारात भिंतीवर जाऊन आपटलो. जरा कुठे सवय होते, तर तुम्ही उचलून नेता."

"मग सांगायचं होतंत ना!"

"कुणाला? तुला सांगितलं तर तू म्हणणार, बाळाने काय केलं? बाळाला सांगितलं तर तो म्हणणार, दादाने काय केलं? मला कुणी काय केलेलं नाय. पण ते तुम्हाला पटलं असतं?"

गुरुप्रसाद खाटेच्या कडेला बसला. मनात कुठेतरी एक ऊब होती. राहायचं म्हणून आप्पांनी आपलं घर निवडलं! बाळाचं नाही, आपलं.

"तुम्हाला इथेच बरं वाटतं ना, आप्पा?"

"इथेच असं काय नाय," आप्पा म्हणाले. "बाळाकडे होतो तेव्हाच ओतणार होतो. तिकडे ऑइलचा डबा सापडला नाय."

नम्रताने तोंडाला पदर लावला. गुरुप्रसादने बाळाला फोन लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. बाळाने बऱ्याच वेळाने उचलला.

"आता काय राहिलंय बोलायचं?"

"बाळा, माझं चुकलं. तू काय केलेलं नायस. गाडी दुरुस्त होईल, ती तुझ्याकडे ठेव हवी तर. पण आप्पांना आता इकडून तिकडे न्यायचं नाय. ते इथेच राहतील."

बाळा म्हणाला, "सकाळी तोंड बघायचं नाय म्हणालास. आता एकदम चूक कबूल, गाडी घे, आणि आप्पा तुझ्याकडे. दादा, तुझ्या मनात आहे तरी काय? त्यांच्याकडून काय लिहून-बिहून घेतोयस का?"

सकाळचा गुरुप्रसाद असता तर त्याने फोन समुद्रात भिरकावला असता. पण बाळाच्या तोंडून त्याला आपलाच आवाज ऐकू आला, आणि त्याने मुकाट्याने फोन आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ नेला आणि मोठ्याने बोलले, लांबच्या माणसाला हाक मारतात तसे. "बाळा, ऑइल मी ओतलं. मुद्दाम. मला हलायचं नाय आता. गाडी जिथे अडकेल तिथे मी राहणार होतो. तुझ्याकडे डबा मिळाला असता तर तुझ्याकडे राहिलो असतो. दादाला बोलू नको."

फोन बंद झाला असं वाटून आप्पांनी तो तोंडापासून लांब धरून बघितला. नम्रताने हळूच मान हलवून सांगितलं, चालू आहे. मग बाळाचा आवाज आला, बसलेला, नाकातला.

"डबा जिन्याखाली असतो, आप्पा," तो म्हणाला. "नुसतं विचारायचं होतंत."